इंग्रज आला, इंग्रजी नाही: सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका समितीला खुलं पत्र

प्रति,
इंग्रजी विषयाची प्रश्नपत्रिका समिती,
सामायिक सराव परीक्षा, नाशिक.

विषय: राष्ट्रीयत्वाच्या इंग्रजी शब्दांवरच्या प्रश्नांची उत्तरसूची दुरुस्त करण्याबाबत.

सदस्यहो,

सराव परीक्षेच्या इंग्रजीच्या पेपरावर आम्ही काही शिक्षकांनी लेखी हरकती घेतल्या होत्या. सोबत शब्दकोशांच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. त्यावर आपलं उत्तर आलं: उत्तरसूची अंतिम आहे. कारण दिलेलं नाही. एका सदस्यांनी फोनवर मात्र सांगितलं, "मॅडम, इतकं बारीक कोण बघतं?" मी बघते, आणि माझी मुलं बघतात. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. परीक्षा घेणाऱ्या मंडळींचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही, उत्तरसूची दुरुस्त करून हवी आहे.

मी नाशिकरोडला आठवी ते दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मुलं देवळालीगाव, विहितगाव, जेलरोड, सिन्नर फाटा भागातली, बहुतेक मराठी माध्यमाची. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. एखादं वाक्य बरोबर आहे की चूक, हे विचारायला त्यांच्याजवळ दोनच जागा: आम्ही शिक्षक आणि छापील उत्तरसूची. या दोघांत वाद झाला की मूल छापलेल्यावर विश्वास ठेवतं, कारण मार्क तिथून मिळतात. या वेळी माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी नीट अभ्यास केला होता त्यांचे मार्क गेले, आणि ज्यांनी सरसकट 'अ' किंवा 'ॲन' ठोकून दिलं त्यांना मिळाले. हे मी मुकाट्यानं मान्य करू शकत नाही.

पहिली हरकत चुका शोधण्याच्या प्रश्नावर आहे. वाक्य होतं, 'माय नेबर इज इंडियन.' आपल्या सूचीनुसार यात 'ॲन' राहून गेलं आहे, आणि 'नो एरर' लिहिणाऱ्यांना शून्य. या वाक्यात काहीही चुकलेलं नाही. 'इंडियन' हा शब्द इंग्रजीत विशेषणही आहे आणि नामही. विशेषण म्हणून वापरला तर 'माय नेबर इज टॉल' सारखंच 'माय नेबर इज इंडियन', आर्टिकलची गरज नाही. नाम म्हणून वापरला तर 'माय नेबर इज ॲन इंडियन', 'माय नेबर इज अ डॉक्टर' सारखं. दोन्ही शुद्ध आहेत. रोजच्या बोलण्यात तर पहिलंच जास्त ऐकू येतं.

आपलं शहर या बाबतीत फार दूर जायला लावत नाही. देशाचे पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. माझे वडील प्रेसमध्ये नोकरीला होते, आणि आमच्या आळीत प्रेसमधलं कुणी नाही असं घर शोधावं लागेल. कुठल्याही भारतीय पासपोर्टचं माहितीचं पान उघडा. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'इंडियन' लिहिलेलं असतं, 'ॲन इंडियन' नाही. ब्रिटनच्या पासपोर्टवर त्याच रकान्यात 'ब्रिटिश सिटिझन' असतं, म्हणजे विशेषण आणि पुढे नाम. अमेरिकेच्या पासपोर्टवर थेट देशाचंच नाव. फॉर्म भरताना हा रकाना विशेषणाचा असतो, हे आठवीच्या मुलाला एकदा सांगितलं की जन्मभर पुरतं. आपल्या सूचीनं त्याला उलटंच शिकवलं.

दुसरी हरकत याच्या नेमकी विरुद्ध बाजूची आहे. जिथे आर्टिकल लागत नाही तिथे ते नसल्याबद्दल मार्क कापले, आणि जिथे ते लावणं चूक तिथे लावलेलं बरोबर धरलं. 'शी इज अ स्पॅनिश' हे आपल्या सूचीतलं बरोबर उत्तर आहे. नाशिकच्या इतिहासावरच्या उताऱ्यात, २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या प्रसंगात, वाक्य आहे: 'जॅक्सन वॉज अ ब्रिटिश.' असा उतारा निवडल्याबद्दल मला खरोखर आनंद झाला होता. आपल्या गावचा इतिहास इंग्रजीतून वाचायला मुलांना मिळावा असं मला नेहमी वाटतं. पण 'स्पॅनिश' आणि 'ब्रिटिश' ही फक्त विशेषणं आहेत. एका माणसासाठी ती 'अ' लावून एकटी उभी राहत नाहीत. 'शी इज स्पॅनिश' म्हणा, 'अ स्पॅनिश वूमन' म्हणा किंवा 'अ स्पॅनियर्ड' म्हणा. जॅक्सनला 'अ ब्रिटिश ऑफिसर' म्हणा, किंवा 'अ ब्रिटन'.

त्याच उताऱ्यात पुढे 'द ब्रिटिशर्स' आहे. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यावर मार्क कापा असं मी म्हणणार नाही. पण खुद्द ब्रिटनमध्ये तो जवळजवळ कुणी वापरत नाही, तिथे 'द ब्रिटिश' म्हणतात, एवढं तरी मुलांना सांगायला हवं.

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, तिथे येते. हे मराठी मुलांना अवघड जायचं कारणच नाही. आपण रोज बोलतो त्या मराठीत हाच भेद आहे. माणूस तो इंग्रज, भाषा किंवा पुस्तक ते इंग्रजी. माणूस तुर्क, टोपी तुर्की. माणूस अरब, घोडा अरबी. 'दाराशी एक इंग्रजी आला' असं पाच वर्षांचं पोरही म्हणणार नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत तर माणसांसाठी वेगळ्या नामांची रांगच आहे: फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), आणि डेन्मार्कहून आलेले ते डिंगमार. दुसरीकडे जपानी, चिनी, रशियन हे शब्द आपण माणसासाठीही वापरतो आणि वस्तूसाठीही. म्हणजे काही शब्द दोन्ही कामं करतात आणि काहींना माणसासाठी वेगळं रूप लागतं, ही जाण मूल घरूनच घेऊन येतं. शिक्षकानं फक्त एवढंच करायचं, की इंग्रजीतले कुठले शब्द कुठल्या बाजूला पडतात ते दाखवायचं.

आणि ते दाखवायला एक सोपी, कानानं ओळखता येणारी खूण आहे. वर्गात मी तीच वापरते. शब्दाचा शेवटचा उच्चार ऐका. शेवटी स, झ, श किंवा च असा सुसकारा येत असेल (चायनीज, जपानीज, पोर्तुगीज, स्विस, इंग्लिश, आयरिश, स्पॅनिश, पोलिश, फ्रेंच, डच, वेल्श) तर त्याला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. सगळ्या लोकांबद्दल बोलायचं तर आधी 'द' येतं: द चायनीज, द इंग्लिश, द फ्रेंच. शेवटी सुसकारा नसेल तर 'एस' बिनधास्त लावा: इंडियन्स, जर्मन्स, रशियन्स, ग्रीक्स, इराकीज, पाकिस्तानीज, बांगलादेशीज, थाईज. चेक प्रजासत्ताकाचा 'चेक' लिहिताना शेवटी 'सीएच' दिसतो, पण उच्चार 'क' आहे, म्हणून 'चेक्स'. स्पेलिंग बघू नका, ऐका. (जर्मनचं अनेकवचन 'जर्मेन' लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. 'इंग्लिशमन'चं 'इंग्लिशमेन' होतं, पण जर्मनमधला शेवटचा 'मन' माणूस नव्हे.)

मग सुसकाऱ्याच्या शब्दांत एका माणसाला काय म्हणायचं? तिथे तीन वाटा आहेत. काहींना माणूस जोडतात: इंग्लिशमन, इंग्लिशवूमन, फ्रेंचमन, डचमन, आयरिशमन, वेल्शमन. काहींचं नामच वेगळं असतं: स्पॅनिशचा स्पॅनियर्ड, पोलिशचा पोल, डॅनिशचा डेन, स्वीडिशचा स्वीड, फिनिशचा फिन, टर्किशचा टर्क, स्कॉटिशचा स्कॉट. आणि 'ईज'ने संपणाऱ्या शब्दांत आज सगळ्यात निर्धोक म्हणजे पुढे 'पर्सन', 'वूमन', 'स्टुडंट' असं नाम लावणं.

तिसरी हरकत इथूनच निघते. आपल्या पेपरात देश आणि त्या देशाचा माणूस अशी जोडी लावायची होती. रकान्याला नाव आपणच दिलं होतं 'पर्सन'. उत्तरं मात्र पोलंड: पोलिश, डेन्मार्क: डॅनिश, टर्की: टर्किश. माझ्या एका विद्यार्थिनीनं पोल, डेन, टर्क असं लिहिलं होतं. तिन्ही बरोबर, तिन्हीला शून्य. तिला हे शब्द पाठ नव्हते, आम्ही ते कांद्यावरून शिकलो होतो. २०१९ मध्ये कांद्याचे भाव भडकले तेव्हा देशात इजिप्त, तुर्कस्तान आणि अफगाणिस्तानातून कांदा आणावा लागला होता. लासलगावच्या पट्ट्यातल्या मुलांच्या घरांत त्याची चर्चा अजून निघते. कांदा 'टर्किश', तो पिकवणारा 'टर्क'. कांदाही 'इजिप्शियन', माणूसही 'इजिप्शियन'. कांदाही 'अफगाण', माणूसही 'अफगाण', आणि 'अफगाणी' हे इंग्रजीत त्या देशाच्या चलनाचं नाव. माणसाला 'अफगाणी' म्हटलेलं अनेक अफगाणांना आवडत नाही. या एका पिकावर अख्खा धडा होतो. त्या मुलीनं परीक्षेत हेच वापरलं, आणि तिला चूक ठरवलं.

'इतकं बारीक कोण बघतं' याचं उत्तरही इथेच देते. दिंडोरी-निफाडची द्राक्षं दरवर्षी कंटेनरनं नेदरलँड्सला जातात, रॉटरडॅमला उतरतात आणि तिथून युरोपभर पसरतात. त्या माणसांशी ईमेलवर बोलणारी पोरं आपल्याच शाळांतून शिकलेली असतात. 'अ डच इज कमिंग टु सी द प्लॉट' असं लिहिलं तरी समोरच्याला अर्थ कळतो, हे मान्य. पण 'अ डच बायर इज कमिंग' लिहायला एक शब्द जास्त लागतो, आणि वाचणाऱ्याला लिहिणारा तयारीचा वाटतो. देशाचं नाव नेदरलँड्स. हॉलंड हा त्याचा एक भाग. तिथल्या सरकारनंही २०२० पासून देशाची ओळख करून देताना 'हॉलंड' वापरणं थांबवलं. विशेषण डच. हे चार शब्द नाशिकच्या मुलाला यायला नकोत का? २०२७ च्या सिंहस्थाला देशोदेशीची माणसं गोदाकाठी येतील. इगतपुरीला विपश्यनेसाठी तर ती बाराही महिने येतात. आपल्या मुलांना राष्ट्रीयत्वाचे शब्द परीक्षेपुरते लागत नाहीत.

चौथी हरकत क्रियापदाची. 'द फ्रेंच इज फेमस फॉर देअर फूड' हे आपल्या सूचीत बरोबर आहे. त्याच वाक्यात पुढे 'देअर' आहे, म्हणजे वाक्य काढणाऱ्यांनाही अनेक माणसं अभिप्रेत होती. 'द' लावून विशेषण वापरलं की ते सगळ्या समूहाबद्दल बोलतं आणि क्रियापद अनेकवचनी घेतं: द फ्रेंच आर, द इंग्लिश आर, जसं द पुअर आर, द ब्लाइंड आर. 'पुअर्स' होत नाही, तसंच 'फ्रेंचेस' होत नाही. भाषेबद्दल बोलायचं असेल तर 'द' काढा: 'फ्रेंच इज अ ब्यूटिफुल लँग्वेज.' एका छोट्या 'द'नं वाक्यातली माणसं आणि भाषा वेगळी होतात. इतकी सुंदर गोष्ट शिकवायची सोडून आपण ती चूक म्हणून छापली.

पाचवी हरकत सगळ्यात गंभीर आहे, आणि ती पेपराबरोबर दिलेल्या सराव पुस्तिकेवर आहे. त्यात इंग्लिशमन, फ्रेंचमन, आयरिशमन या यादीत पुढचा शब्द आहे 'चायनामन'. यादी पूर्ण करण्यासाठी कुणीतरी तो जुन्या गाइडमधून उचलला असावा. हा शब्द आज इंग्रजीत अपमानास्पद मानला जातो. रेल्वेवर, खाणींत राबणाऱ्या चिनी मजुरांना हिणवण्यासाठी तो वापरला जात होता. क्रिकेटमध्येही त्यावर वाद झाला. कुलदीप यादवसारख्या डावखुऱ्या मनगटी फिरकीला 'चायनामन' म्हणायची जुनी पद्धत होती. विस्डेन या क्रिकेटच्या इंग्रजी वार्षिकानं २०१८ च्या अंकापासून तो शब्द सोडून दिला. मुलं क्रिकेट बघतात, त्यांना हे सांगितलं तर कळतं. आपल्या पुस्तिकेत मात्र तो अजून आदर्श उत्तर म्हणून उभा आहे.

एवढंच नव्हे. 'अ चायनीज' हेही नाम म्हणून जुन्या व्याकरणांत सापडतं, शब्दकोशातही मिळतं, त्यामुळे ते लिहिणाऱ्या मुलाला शून्य द्या असं माझं म्हणणं नाही. पण आजचे जाणते लेखक एका माणसासाठी 'अ चायनीज' टाळतात, 'अ चायनीज वूमन', 'अ चायनीज स्टुडंट' लिहितात. ब्रिटनमध्ये 'अ चायनीज' म्हटलं की समोरच्याला चिनी जेवण किंवा हॉटेल आठवतं. आपल्याकडेही चायनीज म्हणजे कोपऱ्यावरची गाडीच की. माणसाचं नाव खाण्याच्या पदार्थासारखं घेऊ नये, हे मुलांना समजावून सांगायची जागा भाषेचा तास हीच आहे. ईशान्येकडून नाशिकला कामाला किंवा शिकायला आलेल्या मुलामुलींना रस्त्यात काय हाक मारली जाते हे आपल्यापैकी ज्यांनी ऐकलं आहे त्यांना मी का चिडले हे वेगळं सांगायला नको.

आपल्याच गावाचं नाव इंग्रजीत विशेषण होऊन बसलेलं आहे, हेही या निमित्तानं सांगते. देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहिलेले गोरे सैनिक कंटाळ्यानं आणि आजारानं भ्रमिष्ट व्हायचे. त्यावरून 'डूलॅली' हा शब्द इंग्रजीत गेला, अर्थ डोकं फिरलेला. माझी अर्धी मुलं देवळालीगावात राहतात. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. गावाचं नाव दुसऱ्यांच्या तोंडी कसं जातं याचा त्रास काय असतो, ते त्यांना माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा तेवढ्यानं जास्त कळलं.

राहिलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. राष्ट्रीयत्वाचा शब्द इंग्रजीत नाम असो की विशेषण, पहिलं अक्षर मोठंच लागतं. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, त्यामुळे मुलं हमखास विसरतात. म्हणून तर ते तपासायला हवं. आपण 'इंडियन' लहान 'आय'नं लिहिलेलं सगळीकडे बरोबर दिलं. फ्रेंचमध्ये नाम मोठ्या अक्षरानं आणि विशेषण लहान अक्षरानं लिहितात, इंग्रजीत दोन्हीही मोठ्यानं, असं सांगितलं की मुलांच्या लक्षात राहतं.

दुसरी गोष्ट, देश आणि भाषा एक नव्हे. पुस्तिकेतल्या तक्त्यात भाषेचा रकाना देशाच्या विशेषणावरून भरलेला दिसतो. ब्राझीलचा माणूस ब्राझिलियन, बोलतो पोर्तुगीज. ऑस्ट्रियन माणूस जर्मन बोलतो, मेक्सिकन स्पॅनिश. स्वित्झर्लंडला चार राष्ट्रीय भाषा आहेत आणि त्यातल्या एकीचंही नाव 'स्विस' नाही. अरबांच्या बाबतीत तर तीन शब्द आहेत: माणूस अरब, भाषा अरेबिक, समुद्र अरेबियन. आणि हे परक्यांपुरतं नाही. राज्यांच्या तक्त्यात 'महाराष्ट्र: अ मराठी' असं छापलं आहे. माणसासाठी इंग्रजीत 'अ महाराष्ट्रियन' म्हणतात. 'मराठी' हे विशेषण, 'आय ॲम मराठी'. गुजरातीचं 'गुजरातीज' होतं, बंगालीचं 'बेंगालीज' होतं, म्हणून 'मराठीज' होईल असं मुलांना वाटतं, आणि तक्ता तेच पक्कं करतो. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या कोकणा किंवा भिल्ल मुलाची मातृभाषा मराठी नसेलही, पण तोही महाराष्ट्रियनच. तक्ता काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो मुलगा नव्हता.

आपल्या समितीतल्या बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं शिकवलं आहे, हे मला माहीत आहे. पेपर काढणं कष्टाचं काम असतं, वेळ कमी असतो, मानधन तर विचारायलाच नको. चूक होणं मी समजू शकते. दाखवल्यावर ती न बघणं मला समजत नाही. राज्य परीक्षा परिषदसुद्धा शिष्यवृत्तीची आधी अंतरिम उत्तरसूची लावते, हरकती मागवते, मग अंतिम सूची काढते. शहरातल्या सराव परीक्षेला त्याहून कडक असण्याचं काय कारण?

माझ्या मागण्या अशा आहेत.

वर सांगितलेल्या प्रश्नांची सुधारित उत्तरसूची काढा, आणि जुनी सूची जिथे जिथे लावली होती तिथेच ती लावा. 'माय नेबर इज इंडियन' या वाक्याला 'नो एरर' हे उत्तर बरोबर धरा. पोल, डेन, टर्क लिहिणाऱ्यांना पूर्ण मार्क द्या. मात्र ज्या मुलांनी आपल्या पुस्तिकेप्रमाणे लिहून मार्क मिळवले त्यांचे मार्क कापू नका. त्यांनी आपण शिकवलं तेच लिहिलं.

'चायनामन' हा शब्द पुस्तिकेतून काढा. नवी छपाई होईपर्यंत थांबू नका. शाळांना आणि क्लासेसना एका पानाचं शुद्धिपत्र पाठवा, शिक्षकांनी ते वर्गात वाचून दाखवावं असं त्यात लिहा.

देशांचा तक्ता नव्यानं करा. एका रकान्यात विशेषण, दुसऱ्यात एक माणूस, तिसऱ्यात सगळे लोक, आणि भाषा पूर्ण वेगळ्या तक्त्यात. जिथे दोन रूपं चालतात तिथे दोन्ही छापा. नेपाळच्या माणसाला नेपाळी आणि नेपाळीज, दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि नेपाळची माणसं स्वतःला बहुतेक वेळा नेपाळीच म्हणवतात, तर ते आधी लिहा. न्यूझीलंडला वेगळं विशेषणच नाही, 'न्यूझीलंड टीम' असंच म्हणतात आणि माणूस न्यूझीलंडर, हेही लिहा.

यापुढे उत्तरसूचीवर हरकत घ्यायला ठरावीक मुदत द्या, आणि हरकत फेटाळली तर कारण लेखी कळवा. कुठला शब्दकोश किंवा कुठलं व्याकरण प्रमाण धरलं, तेही सांगा. आमचं चुकत असेल तर आम्ही मान्य करू. सगळ्यांकडे महागडे कोश नसतात, पण १८४० पासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. तिथे बसून आपण आणि आम्ही एकत्र पानं उलटू शकतो.

तक्ता करायला माणसं कमी पडत असतील तर मी आणि माझ्यासोबत हरकत घेणारे शिक्षक काम करायला तयार आहोत. मानधन नको, आमची नावंही छापू नका. पुढची सराव परीक्षा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. शुद्धिपत्र त्याच्या आधी, सहामाहीच्या निकालाबरोबर, मुलांच्या हातात पडावं. हरकतींच्या अर्जावर माझा फोन नंबर आहेच.

आपली,
नाशिकरोडची एक इंग्रजी शिक्षिका